किनाऱ्यावरच्या बाईचा चेहरा

झेली जारिजोंबद्दल विचारायला लोक माझ्याकडे येतात आणि प्रत्येकाला तिच्या बोटांबद्दल ऐकायचं असतं. बोटांचं दुसऱ्या कुणाला तरी विचारा. मी तिच्या पाठीबद्दल सांगू शकतो. चाळीस वर्षं दर गुरुवारी सकाळी दहाला, रंगवलेल्या लोकरीच्या लडी खांद्यावर टाकून मी तिच्या दारात उभा राहिलो आणि चाळीस वर्षं ती खिडकीकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून बसलेली. उत्तरेचा उजेड असल्याशिवाय रफूचं काम होत नाही, हे मला कळतं. तिनं माझा अपमान केला असं नाही. मीच आपला दरवेळी तसं वाटून घ्यायचो. निळा झगा, मानेवर सुटलेल्या चार बटा, वर तो अंबाडा आणि अंबाड्यात खुपसलेला लाकडी काटा.

"ठेव तिथं," ती म्हणायची. "आणि दार लाव, वारा येतोय."

झालं आमचं गुरुवारचं बोलणं!

मी आन्सेल्म पेरो, रंगारी. बाप रंगारी, आजा रंगारी. आमच्या ओब्युसों गावात नदीकाठी माणूस एक तर विणतो, नाहीतर रंगवतो, नाहीतर विणणाऱ्या-रंगवणाऱ्यांना दारू पाजतो. विणायचं काय, तर भिंत झाकेल एवढाले लोकरीचे पडदे आणि त्यांच्यावर महाकाव्यांतले प्रसंग. जळणारी शहरं, वादळात सापडलेली जहाजं, चेटकिणीच्या बागेत घोरत पडलेला वीर. ती काव्यं आमच्यापैकी कुणी वाचलेली नाहीत, पण त्यांतला प्रत्येक प्रसंग आम्ही दुरुस्त केलेला आहे. वीराचा बाप कोण ते नका विचारू. त्याच्या गुडघ्याला कसर नेमकी कुठून लागते ते मी झोपेतसुद्धा सांगेन.

झेली तेराव्या वर्षी आपल्या आत्याकडे रफू शिकायला बसली. त्याआधी आम्ही एका वर्गात होतो. तिनं माझी पाटी फोडली होती, कारण तिनं काढलेली गाय मी निळी रंगवली. "गाय निळी असते का रे, रंगाऱ्याच्या?" असं सगळ्या वर्गासमोर ओरडली आणि दिली पाटी डोक्यात. रंगाच्या बाबतीत ती पुढंही तशीच राहिली. मी आणलेली लड ती खिडकीत धरायची, मान वाकडी करायची, आणि मी दारात उभा घामाघूम. तीस लडींतल्या दोन पसंत पडल्या तर तो दिवस चांगला गेला म्हणायचा.

काम ती मागच्या बाजूनं करायची. म्हणजे आमच्याकडे विणतातही मागच्या बाजूनंच. माग आडवा, ताण्याच्या दोऱ्यांखाली चित्र ठेवलेलं, विणकर वरून वाकून विणतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर असते ती पडद्याची मागची बाजू. सगळी गाठवळ, सगळी सुटी टोकं तिकडे. पुढची बाजू त्याला दिसते ती पडदा मागावरून कापून खाली उतरवतात त्या दिवशी. वर्षभर, दोन-दोन वर्षं काम करायचं आणि आपण काय केलंय ते एक दिवस बघायचं. दुसऱ्या दिवशी गाडी येते आणि पडदा जातो.

त्या गाठींवरून झेली माणसं ओळखायची, हे तुम्हाला खोटं वाटेल. मलाही वाटलं होतं. "हा बघ, हा घाईतला. हा दारू पिऊन बसलाय. ही दोघं शेजारी बसायची आणि भांडायची, दोघांच्या विणीत मध्ये फट सोडलीय, मेल्यांनी." अडीचशे वर्षांपूर्वीची माणसं, नाव नाही, गाव नाही, आणि ही त्यांच्या खोड्या सांगतेय! त्यांत एक होता, त्याला ती 'म्हातारा' म्हणायची. रंग संपवताना बाकीचे दोऱ्याला एक पीळ द्यायचे, हा दोन द्यायचा. चेहरे आणि हात नेहमी त्याच्याकडे असायचे, म्हणजे कारखान्यातला सगळ्यात पक्का माणूस. तीस वर्षांत तो तिला सात-आठ पडद्यांत भेटला. भेटला की तिचा आवाज बदलायचा. "आज म्हातारा आलाय," असं म्हणायची, जणू शेजारच्या गल्लीतून आला. गावात सगळे हसायचे. झेलीचं लग्न झालंय, नवरा तेवढा मेलेला आहे, असं म्हणायचे. मी हसायचो नाही. मेलेल्या माणसाचा मत्सर करणं किती अवघड असतं ते तुम्हाला नाही कळायचं. त्याला ना म्हातारपण येत, ना तो कधी चुकीचा रंग आणत.

सव्विसाव्या वर्षी मी तिला विचारलं होतं. टोपी हातात घेऊन, दारातूनच. ती वळली नाही. म्हणाली, "आन्सेल्म, या घोड्याचा पाय पार सुटलाय. एवढा होऊ दे, मग बोलू." घोड्याचा पाय ईस्टरला झाला. नंतर मी विषय काढला नाही, तिनंही काढला नाही. पुढं मी लग्न केलंच नाही, ते काही तिच्यासाठी नाही हं. कोपरापर्यंत निळे हात घेऊन फिरणाऱ्याला कोण पोरगी हो म्हणणार?

असो. आम्ही दोघं अठ्ठावन्नचे झालो त्या वर्षाचं सांगतो. युद्ध संपून बरीच वर्षं झाली होती. त्या मार्चमध्ये डॉक्टरनं झेलीला काचबिंदू सांगितला. वर्षभर दिसेल, फार तर दीड वर्ष. तिनं मला हे कसं सांगितलं? "ठेव तिथं. दार लाव. आणि पुढच्या वर्षीची लोकर जास्त भरू नकोस." मी लडी ठेवल्या आणि दार लावलं. पूल ओलांडताना मला दोनदा थांबावं लागलं.

एप्रिलमध्ये कुर्तादसाहेब आले. बिस्किटांचा कारखाना, पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं. कुठल्याशा जुन्या गढीच्या लिलावात त्यांनी एक मोठा पडदा घेतला होता आणि गाडीच्या टपावर गुंडाळून आणला होता. प्रसंग आमच्या ओळखीचा: वीर युद्धाला निघालाय, जहाज सुटलंय, डेकवर तो तलवार उपसून उभा, आणि अलीकडे किनाऱ्यावर त्याची बायको, लाल झगा, एक कोपर वर उचललेलं. सतरा माणसं त्या पडद्यावर आणि सतराच्या सतरा आपल्याकडे बघतायत. अठरावी ती बाई. तिच्या डोक्याच्या जागी ताटाएवढं भोक. भोक म्हणजे आरपार नाही. ताण्याचे दोरे जागच्या जागी, विणलेली लोकर तेवढी गळून गेलेली, उघड्या फासळ्यांसारखं. लिलावाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'निरोपाचा प्रसंग. स्त्रीचा चेहरा नष्ट.'

अस्तर उसवायला झेलीनं मला अंगणात बोलावलं, शेजारच्या दोन बायकांना कोपरे धरायला लावले. पडदा पालथा घातला आणि तिनं कात्रीनं जाड कापडाचं अस्तर सोडवायला घेतलं. शंभर-दीडशे वर्षं त्याच्या आत उजेड गेला नव्हता.

मी रंगारी आहे. आयुष्यभर जुन्या पडद्यांचे फिके रंग बघत आलो आणि त्यांच्या नकला करत आलो: वाळक्या गवताचा पिवळा, राखेतला निळा. जुने लोक नाजूक रंगांचे शौकीन होते अशी माझी समजूत होती. अस्तर हातभर बाजूला झालं आणि देवा रे! हिरवी झाडं! पुढून निळी पडलेली तीच झाडं मागून हिरवीगार, आत्ता पाऊस झाल्यासारखी. बाईचा झगा मंजिष्ठेचा लाल, असा की बोटाला लागेल म्हणून मी हात मागं घेतला. समुद्रात निळ्याच्या सात पट्ट्या मोजल्या मी, आणि सातातल्या तीन मला करता येत नाहीत. नदी हीच होती, कढईही अशीच असणार, आणि माझ्यासारखाच कुणी उपटसुंभ काठी घेऊन ढवळत असणार. त्यानं हे केलं होतं. मी टोपी काढली. चर्चमध्येसुद्धा मी टोपी जरा उशिराच काढतो. कोपरे धरलेल्या बायकाही गप्प, आणि त्यांतली एक जन्मात कधी गप्प बसलेली नव्हती.

"तलवार बघ," झेली हळूच म्हणाली.

पुढून बघितलं तर वीर डावखुरा. असे डावखुरे वीर आमच्याकडे पुष्कळ, कारण माग चित्र उलटं विणतो आणि चित्रकार ते विसरतो. दारूच्या दुकानात यावर अजून विनोद होतात. पण मागून तलवार उजव्या हातात होती.

"म्हातारा इथं बसायचा," ती म्हणाली. तिनं बाईच्या कोपराजवळचा एक दोरा उचलून दाखवला. दोन पीळ. "त्याला हे असं दिसत होतं. झाडं हिरवी, तलवार उजव्या हातात. अख्ख्या जगानं उलटं बघितलं, आन्सेल्म, आणि ह्यानं एकट्यानं सुलटं."

आणि मग तिची बोटं भोकाच्या कडेला जाऊन थांबली.

पंधरा दिवसांनी कुर्तादसाहेब फोटो घेऊन आले. चांदीच्या चौकटीत एक गोलसर, शांत बाई.

"ही माझी इरेन. सप्टेंबरात लग्नाला तीस वर्षं होतायत. पडदा जेवणघरात लावायचाय. तेवढा हिचा चेहरा घाला त्या भोकात."

झेली वळली नाही. "बाई तुमची आहे. पण ही बाई ती नाही."

"पडदाही माझाच आहे, मामझेल. पावती आहे."

"पावतीवर चेहरा नष्ट असं लिहिलंय. इरेन असं नाही लिहिलेलं."

मी दारात उभा राहून खोकलो, हसू दाबायला. कुर्तादसाहेब लाल झाले, पण माणूस व्यवहारी. "ठीक आहे. ऑगस्टअखेरपर्यंत थांबतो. ह्या बाईचा खरा चेहरा शोधा आणि मला पुरावा दाखवा. नाही सापडला तर इरेन. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरीकडे पुष्कळ आहेत करणारे."

ते गेल्यावर झेलीनं सुई बाजूला ठेवली. मग म्हणाली, "हे माझं शेवटचं आहे. याच्यानंतर मला दोरा दिसणार नाही. म्हाताऱ्यानं तिला जे दिलं होतं ते मी तिला परत देणार, नाहीतर ते भोक तसंच सोडणार. बिस्किटवालीचं तोंड त्याच्या पडद्यात घालून मी डोळे मिटणार नाही."

आता म्हाताऱ्यानं काय दिलं होतं ते कळायला एकच वाट. मागच्या बाजूला भोकाच्या कडेनं थोडी टोकं शिल्लक होती, तुटक, बोटाच्या पेराएवढी. जो रंग भोकात होता त्याची शेपटं. झेलीनं भिंग लावून बघितली. फिकट तपकिरी, सगळी. "सावलीतली कातडी," ती म्हणाली. "चेहऱ्यावर सावली होती. मला सावलीतल्या कातडीचे सहा रंग दे."

दिले. म्हणजे द्यायला गेलो. मे महिन्यात चार घाणे काढले, जूनमध्ये पाच, जुलैत दोन. अक्रोडाची साल, मंजिष्ठेचा हात, तुरटी कमी, तुरटी जास्त. लड खिडकीत जायची आणि परत यायची.

"हे काय आणलंस? उकडलेला बटाटा?"

पुढच्या गुरुवारी: "अरे, ही नवऱ्याला निरोप देतेय, हिला कावीळ नाही झालेली."

त्याच्या पुढच्या गुरुवारी तिनं टोमणा मारलाच नाही. लड हातात धरून नुसती बसली. मला समजलं की फरक रंगात नाहीये, तिला तो नीट दिसतच नाहीये. टोमणा परवडला असता. त्या दिवशी घरी जाऊन मी कढईला लाथ मारली आणि आठवडाभर लंगडलो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुलाजवळची फुलवाली वारली. अंत्यविधीला जायचं म्हणून मी कपाटातून बाबांची विजार काढली. लोकरी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, बाबांनी स्वतःच्या लग्नासाठी स्वतः रंगवलेली. चढवली आणि निघालो. चर्चच्या दारात म्हातारी पाद्रीणबाई, म्हणजे पाद्र्याची बहीण, हिच्या हातून प्रार्थनेचं पुस्तक पडलं. मी उचलायला वाकलो आणि मागून फर्रकन आवाज आला. नुसता फाटल्याचा नाही, विजार पट्ट्यापट्ट्यांनी सुटली. सगळं गाव मागं उभं. कुणीतरी म्हणालं, "आन्सेल्म, आतला रंग चांगला आलाय रे!"

मी हात मागं नेला. बोटांना काळी भुकटी लागली. पांढऱ्या पट्ट्या धडधाकट, ओढून बघितल्या तरी तुटेनात. काळ्या तेवढ्या गेलेल्या.

हिराकस! बाबा घाईत असले की काळ्या रंगात हिराकस टाकायचे आणि वर मलाच बजावायचे, "तू टाकू नकोस हां. रंग झटकन चढतो, पण पन्नास वर्षांत लोकर खाऊन टाकतो." हे मला दहाव्या वर्षापासून माहीत. रंगाऱ्याचं पोरगं हे आईच्या दुधाबरोबर शिकतं. आणि मी गाढव, एप्रिलपासून त्या भोकासमोर उभा राहून कातडीचा रंग शिजवत होतो!

फुलवालीनं मला माफ केलं असेल. मी चर्चच्या दारातून वळलो, दोन्ही हातांनी विजार धरून पूल पळत ओलांडला आणि झेलीच्या दारावर धडकलो.

"दार लाव," झेली म्हणाली.

"झेली, सतरा चेहरे धड आहेत!"

"मोजता येतं मला."

"मग अठरावाच का गेला? त्याच घडीत, त्याच भिंतीवर, त्याच ओलीत? कातडीची लोकर टिकते, अगं, तिच्यात काही घातलेलंच नसतं. घोड्याची आयाळ बघ, गेलीय. नावाड्यांच्या दाढ्या बघ. या पडद्यावर काळं तेवढं गेलंय! काळ्यात हिराकस घातलाय कुणीतरी घाईत. भोक आहे तिथं काळं होतं, झेली. ताटभर काळं!"

मी पुढं गेलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दारापासून खिडकीपर्यंत गेलो, एका हातानं विजार धरून, आणि पालथ्या पडद्यावर वाकलो. कडेचं एक तपकिरी शेपूट चिमटीत धरलं आणि चुरडलं. भुकटी झाली. सावलीतली कातडी म्हणत होतो ती हीच. अर्धवट सडलेला काळा रंग असाच फिकट तपकिरी होतो. शेजारच्या हाताच्या कातडीचं शेपूट धरलं, ओढलं. तुटेना.

झेलीनं भिंग लावलं. भोकाच्या कडेवरून बोट फिरवत गेली. खाली जिथं हनुवटी धरून चाललो होतो, तिथं कातडीच्या रंगाची एक चिंचोळी पट्टी शिल्लक होती. ती हनुवटी नव्हती. मान होती, मागून दिसते ती. भोकाचा आकारही आता दिसला. वर गोल, खाली निमुळता. अंबाडा. आणि ते वर उचललेलं कोपर? आम्ही सगळे समजत होतो की बाई गालाला हात लावून रडतेय. ती डोळ्यांवर हात धरून उन्हात जहाज बघत होती.

"चेहरा नव्हताच," झेली म्हणाली.

मला आठवतंय, माझ्या अंगावर काटा आला आणि तो जाईना. सतरा माणसं, घोडा, कुत्रासुद्धा, सगळी आपल्याकडे बघतायत, आपण त्यांना बघतोय म्हणून मिरवतायत. आणि मध्ये ही एकटी, जिला आपली पर्वा नाही. जग गेलं उडत. तिला फक्त ते जहाज दिसतंय. आणि ज्यानं आयुष्यभर चेहरे विणले, कारखान्यातले सगळे चेहरे ज्याच्याकडे यायचे, त्या माणसाकडे ही बाई आल्यावर त्यानं तिची पाठ विणली.

झेली हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "काय म्हातारा आहे! अरे, काय म्हातारा आहे!" आणि मला त्या म्हाताऱ्याचा पहिल्यांदाच राग आला नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझी विजार."

कुर्तादसाहेबांना बोलावलं. ते बायकोला घेऊन आले. आम्ही सगळं दाखवलं: शेपटं, भुकटी, मानेची पट्टी. मी माझी विजारसुद्धा पुराव्यादाखल टेबलावर ठेवली. साहेबांचा पारा चढला. "म्हणजे मी जेवणघरात एका बाईची पाठ लावू? पाहुण्यांना काय सांगू? तीस वर्षांच्या लग्नाला पाठ?"

मादाम कुर्ताद तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा लावला, पालथ्या पडद्याला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि त्या हिरव्या झाडांकडे, त्या लाल झग्याकडे बघत राहिल्या. त्यांचा श्वास आम्हाला ऐकू येत होता.

"गास्तों," त्या म्हणाल्या, "सकाळी तू कारखान्यात जायला निघतोस तेव्हा मी कुठं असते?"

"वरच्या खिडकीत. मला काय माहीत? असतेस कुठंतरी."

"तीस वर्षं वरच्या खिडकीत असते. तू एकदाही वर बघितलेलं नाहीस. तेव्हा माझा चेहरा कुणाला दिसतो? घरात मागून मोलकरीण येते, तिला माझी पाठ दिसते." त्यांनी चष्मा काढला. "ही मीच आहे. हात लावू नकोस तिला."

साहेबांनी टोपी काढली आणि माझ्या विजारीशेजारी ठेवली. बिस्किटांच्या कारखान्यात हे कुणी कधी बघितलं नसेल.

आता राहिला रंग. काळा-तपकिरी, हिराकस न घालता, आणखी तीनशे वर्षं टिकेल असा. अक्रोडाच्या हिरव्या साली, वर मंजिष्ठा, वर नीळ. तीन कढया, तीन दिवस. पाच छटा हव्या होत्या: अंबाड्याच्या आतल्या अंधारापासून उन्हात लालसर दिसणाऱ्या कडेपर्यंत. कातडीचे अकरा घाणे फुकट घालवणाऱ्या मला हा रंग पहिल्याच घाण्यात जमला. पाचही छटा. लड पाण्यातून वर काढली तेव्हाच मला कळलं की ही परत येणार नाही. का कळलं ते मी स्वतःला सांगितलं नाही.

गुरुवारी गेलो. झेलीनं लड खिडकीत धरली, अगदी डोळ्यांजवळ. मान वाकडी केली. मी घामाघूम. मग तिचा दुसरा हात सावकाश मागं आला आणि स्वतःच्या अंबाड्यावर थांबला. तो आता पांढरा होता. बारा-तेरा वर्षांपूर्वीच पांढरा झाला होता.

"हा रंग कुठून आणलास?"

"अक्रोड, मंजिष्ठा, नी..."

"ते नाही विचारलं, रंगाऱ्या."

"दारात उभा राहून," मी म्हणालो, "दुसरं बघायला होतं काय?"

ती वळली नाही. तिची पाठ मात्र हलली, एकदाच. मग म्हणाली, "दुसरी खुर्ची घे. मला आता काळ्यावर काळं दिसत नाही. तू शेजारी बसून सांग, कुठली छटा कुठली ते."

तसे आम्ही सप्टेंबरपर्यंत बसलो, दोघंही खिडकीकडे तोंड करून. मी छटा निवडायचो, दोरा ओवून द्यायचो, ती बोटांनी ताणे मोजायची आणि भरायची. शेवटी शेवटी ती डोळे मिटूनच काम करायची. उघडे ठेवून उपयोग नाही, म्हणायची, उगीच गोंधळ होतो. प्रत्येक रंग संपवताना दोऱ्याला दोन पीळ द्यायची.

पडदा कुर्तादांच्या जेवणघरात आहे. अस्तर मादामनी फक्त वरून टाचून घेतलंय. महिन्यातून एका रविवारी आम्हाला बटाटे भरलेली भाजकी रोटी खायला बोलावतात. जेवण झालं की झेली भिंतीजवळ जाते, अस्तराखाली हात घालते आणि बोटांनी चाचपत म्हणते, "इथपर्यंत म्हातारा. इथून मी." साहेब पाहुण्यांना पुढून दाखवतात आणि सांगतात, ही माझी बायको.

झेलीला आता काही दिसत नाही. खिडकीचा उपयोग संपला, तेव्हा तिनं खुर्ची फिरवून घेतली, दाराकडे. मी अजून सकाळी दहाला जातो, पण आता गुरुवारचं असं काही नाही, रोज. दार उघडलं की समोर तिचा चेहरा असतो. चाळीस वर्षं मला असा समोरून बघायचा होता तो. पहिल्या दिवशी मी नुसता उभा राहून बघत होतो, बोलायचं विसरून. एकही सुरकुती मला माहीत नव्हती.

"बघून झालं असेल तर ये आत," ती म्हणाली. "आणि घोड्याचा पाय झालाय, आन्सेल्म. आता बोल."